बर्फाखालचा स्प्लेक: खोल पाण्यात नाही, काठाशी शोधा

कॅनडातल्या ऑन्टॅरिओच्या आतल्या भागातल्या तळ्यांवर, म्हणजे हॅलिबर्टन, बॅनक्रॉफ्ट, पॅरी साउंडच्या बाजूला, हिवाळ्यात स्प्लेक गरवायला जाणाऱ्यांची एक चूक सारखी दिसते. तळ्याच्या मधोमध साठ-सत्तर फूट पाण्यावर भोकं पाडून माणसं दिवसभर बसून राहतात. मासा मात्र त्यांच्या पाठीमागे, किनाऱ्यावरून दगड भिरकावला तर पोचेल इतक्या अंतरावर, सहा-आठ फूट पाण्यात फिरत असतो. खोल पाण्यातल्या लेक ट्राउट माशाची सवय स्प्लेकला लावल्यामुळे असं होतं.

स्प्लेक हा संकर आहे. आई लेक ट्राउट, बाप ब्रूक ट्राउट. ब्रूक ट्राउटचं तिथलं नाव स्पेकल्ड ट्राउट. त्यातला ‘स्प’ आणि पुढे ‘लेक’ मिळून स्प्लेक. दोन्ही जातींची गुणसूत्रं 84, त्यामुळे हा मासा खेचरासारखा वांझ नसतो, पण उघड्या तळ्यात त्याची पैदास जवळजवळ होतच नाही. वाढ झपाट्याची, तोंड खादाड आणि पर्च, बास अशा काटेरी परांच्या माशांच्या गर्दीतही तग धरण्याची ताकद, म्हणून जिथे नुसता ब्रूक ट्राउट टिकत नाही अशा तळ्यांत सरकारी हॅचरीतून स्प्लेक सोडतात. बहुतेक वेळा हाताला लागतो तो बारा ते अठरा इंचांचा. मोठा किती होऊ शकतो, तर 1987 मध्ये जॉर्जियन बेमध्ये 20 पौंड 11 औंसांचा निघाला होता. लहान तळ्यावर तेवढ्याची आशा धरून जाड तंगूस लावू नका.

तळं घरी बसून निवडा

तळ्यात स्प्लेक आहे म्हणजे तो कुणीतरी सोडलेला आहे, आणि सोडल्याची नोंद असते. ऑन्टॅरिओ सरकारच्या ‘फिश ऑन-लाइन’ नकाशावर तळ्यागणिक कोणती जात, कुठल्या वर्षी, किती संख्येने आणि किती वयाची सोडली ते दिसतं. या नोंदी वाचायला शिकलात की निम्मं काम झालं.

नुसता आकडा पाहून हुरळू नका. दोन हजार मासे वीस हेक्टरच्या तळ्यात सोडले तर ती हेक्टरी शंभराची दाटी. तेच दोनशे हेक्टरवर पांगले तर हेक्टरी दहा. संख्येला क्षेत्रफळाने भागा आणि मगच तळ्यांची तुलना करा. त्यानंतर वय पाहा. वर्षभराचं पिल्लू सोडलं असेल तर दोन हिवाळ्यांनी ते तव्यावर टाकण्याजोगं होतं. गेल्या वर्षी सोडलेलंच पीक असेल तर हाताएवढी पिल्लं वारंवार लागतील आणि मोठा क्वचित. बरीच तळी एका वर्षाआड भरली जातात. तीन-चार वर्षांपूर्वी भरलेलं आणि मध्येही एकदा भरलेलं तळं सगळ्यात चांगलं.

रस्त्याला लागून असलेलं तळं जानेवारी संपेपर्यंत बऱ्यापैकी उपसलं जातं, कारण स्प्लेक लवकर गळाला लागतो. किलोमीटरभर बर्फातून चालावं लागणारं तळं त्याच यादीत असतं आणि तिथे गर्दी नसते. खोलीच्या समरेषांचा नकाशा मिळाला तर निघण्याआधी त्यावर पाण्यात शिरलेली जमिनीची टोकं, बुडालेले उंचवटे, ओढ्यांची मुखं आणि काठापासून झपकन खोल होणाऱ्या जागा खुणा करून ठेवा.

आधी बर्फ

कॅनडाच्या रेडक्रॉसचा हिशेब असा: एकट्याने चालायला 15 सेंटिमीटर, स्नोमोबिलला 25 सेंटिमीटर. हे आकडे निळसर, काचेसारख्या पारदर्शक बर्फाचे आहेत. हिम भिजून पुन्हा गोठलेला पांढरा बर्फ निम्म्याच ताकदीचा धरायचा, म्हणजे जाडी दुप्पट हवी. करडा बर्फ दिसला की मागे फिरा, त्यात पाणी मुरलेलं असतं.

पहार हातात धरून पुढे ठोकत चाला. एका ठोक्यात पहार आरपार गेली तर आल्या पावली परत. दर वीस-तीस पावलांवर भोक पाडून जाडी मोजा, कारण एकाच तळ्यात ती सारखी नसते. ओढ्याचं तोंड, दोन बेटांमधली अरुंद जागा, पाण्यात पडलेल्या झाडांचा भोवताल इथे बर्फ पातळ राहतो, आणि पंचाईत अशी की स्प्लेकलाही नेमक्या याच जागा आवडतात. गळ्यात बर्फाच्या टोच्यांची जोडी, अंगात तरंगणारा सूट आणि सोबतीला माणूस, यातलं काहीही वगळू नका.

जड हिमाने बर्फ खाली दबतो आणि भेगांतून पाणी वर येतं. वरून कोरडं दिसतं, खाली घोटाभर चिखलासारखा लगदा असतो. त्यात स्नोमोबिल रुतली की दिवस संपला. मोठ्या हिमवर्षावानंतर एक-दोन कडाक्याच्या थंड रात्री जाऊ द्या.

मासा कुठे असेल, आणि का

उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, तेव्हा स्प्लेक खालच्या थंड थरात अडकलेला असतो. शरदात तळं वरपासून खालपर्यंत घुसळून एकसारखं गार होतं आणि हा अडसर निघतो. आता त्याला कुठेही जाता येतं, आणि खाणं काठाला असतं: पर्चची पिल्लं, मिनो (आमिषालाही वापरतात ते छोटे मासे), चतुरांच्या अळ्या, क्रेफिश. शिवाय वयात आलेले मासे शरदात अंड्यांसाठी उथळ खडकाळ जागी येतात. पैदास होवो न होवो, ओढ असतेच, आणि बर्फ धरला तरी ते तिथेच रेंगाळतात.

म्हणून पहिल्या बर्फाचे दोन-तीन आठवडे सोन्याचे. चार ते बारा फूट पाणी, पडलेल्या झाडांची टोकं, दगडगोट्यांचा तळ, पाण्यात शिरलेल्या जमिनीच्या टोकाच्या दोन्ही बाजू. यापेक्षा खोल जायची गरज नाही.

जानेवारीच्या शेवटापासून हिम साचतं, खाली अंधार होतो, काठाच्या पाणवनस्पती कुजू लागतात आणि माणसांची वर्दळही वाढलेली असते. मासे पंधरा ते पस्तीस फुटांकडे सरकतात. मात्र तळाला चिकटून बसत नाहीत. तीस फूट पाण्यात दहा फुटांवर तरंगणारा स्प्लेक नेहमीचाच आहे. लेक ट्राउटच्या सवयीने आमिष तळाशी ठेवलंत तर तो तुमच्या डोक्याखालून निघून जाईल आणि कळणारही नाही. हिवाळा सरत आला की तळाजवळचा प्राणवायू बऱ्याच लहान तळ्यांत घटतो. तेव्हा तर बर्फाखालचे पाच-सहा फूटच महत्त्वाचे. मार्चमध्ये वितळलेलं पाणी ओढ्यांतून येऊ लागतं आणि मासे पुन्हा काठाशी, ओढ्यांच्या मुखांजवळ येतात. तिथे बर्फ कसा असतो ते वर सांगितलंच आहे; मुखापासून चांगलं अंतर ठेवून बसा, मासा फिरत तुमच्यापर्यंत येतो.

वेळेचं म्हणाल तर पहिल्या उजेडाचे दोन तास आणि मावळतीआधीचा तास. उजाडल्यावर घरून निघणाऱ्याचा मासा आधीच खाऊन मोकळा झालेला असतो.

भोकं

स्प्लेक एका जागी राहत नाही. दोन-तीनचे, कधी पाच-सहाचे टोळके काठाकाठाने गस्त घालतात. त्यामुळे एका भोकावर तप करण्यापेक्षा त्यांच्या वाटेवर भोकांची आडवी रांग लावा. पाच फूट पाण्यापासून सुरू करून पंचवीस फुटांपर्यंत, नागमोडी, सात-आठ भोकं पुरतात. ऑगर, म्हणजे भोक पाडायचं गिरमिट, आठ इंची घ्या. सहा इंचांतून अठरा इंची मासा वर येतो, पण त्याचं डोकं भोकात वळवताना नाकी नऊ येतात.

सगळी भोकं एकदमच पाडा, तीही अंधारात पोचून. उथळ पाण्यात ऑगरचा आवाज आणि पावलांची करकर खालपर्यंत जाते. मग निदान वीस मिनिटं तिकडे फिरकू नका. झाऱ्याने बर्फाचे तुकडे काढा, पण भोकाभोवतीचं हिम खरवडू नका. स्वच्छ काळ्या बर्फावर तर उलट करावं लागतं: भोकाभोवती हिम पसरा, नाहीतर तुमची सावली आणि तो झगझगीत उजेडाचा खांब माशाला लांबून दिसतो. आठ फुटांपेक्षा उथळ भोकावर थोडा बर्फाचा चुरा तरंगत ठेवून, त्यातून दोरीपुरती वाट मोकळी ठेवली की काम भागतं.

उथळ पाण्यात आणखी एक मजा करता येते. काळ्या तंबूत, किंवा डोक्यावर जाड कापड ओढून, पालथं पडून भोकातून पाहा. मासा येतो, थबकतो, आमिषाभोवती फिरतो, तोंड फिरवून जातो, हे सगळं दिसतं. कोणत्या हालचालीने तो बिचकतो हे एका सकाळीत कळतं. खोल पाण्यात हे काम फ्लॅशर (मासा आणि आमिष किती खोलीवर आहे ते दाखवणारं सोनार यंत्र) करतो, आणि तरंगत्या माशासाठी तो असेल तर खरोखरच फरक पडतो.

रॉड, तंगूस, आमिष

28 ते 32 इंची, मध्यम-हलका रॉड. टोक लवचीक, बुंधा कणखर. रीळ लहान, पण त्याचा ड्रॅग (मासा ओढू लागला की तंगूस बेताने सोडणारा ब्रेक) थंडीत न अडकणारा हवा. जुन्या रिळातलं ग्रीस गारठून मेणासारखं होतं आणि ड्रॅग आधी अडतो, मग झटक्याने सुटतो. तंगूस तुटते ती त्या झटक्याला. हिवाळ्याआधी ते ग्रीस पुसून पातळ तेल लावा.

तंगूस सहा पौंडी. त्याच्या टोकाला लहान स्विव्हल (फिरती कडी), आणि पुढे दीड-दोन फूट चार ते सहा पौंडी फ्लुरोकार्बन. स्विव्हल नसेल तर गरगर फिरणाऱ्या स्पूनने (चमच्यासारख्या धातूच्या आमिषाने) तासाभरात तंगूसाला पीळ पडतो, आणि पीळ पडलेल्या तंगूसावर आमिष आपोआप फिरत राहतं. स्प्लेकला ते अजिबात खपत नाही. फ्लुरोकार्बनची गाठ आवळताना थुंकीने ओली करा, कोरडी आवळलेली गाठ जळते आणि नेमकी भोकाच्या तोंडाशी सुटते. वेणीची दोरी उघड्यावर नको, ती पाणी धरते आणि दोरीची काडी होते.

आमिषात अष्टमांश ते पाव औंसाचे स्पून मुख्य. स्वीडिश पिंपल, कास्टमास्टर, लहान विल्यम्स, यांतलं काहीही चालतं. रंग चंदेरी, सोनेरी, किंवा चंदेरी-निळा. पर्च असलेल्या तळ्यात सोनेरी-हिरवा. दुसरं म्हणजे दोन ते अडीच इंची पांढरी ट्यूब (मऊ, पोकळ प्लॅस्टिकचं आमिष), आत अष्टमांश औंसाचं डोकं. ट्यूब मंद असते, आळसावलेल्या माशांना ती पटते. स्पूनच्या गळाला मिनोचं नुसतं डोकं किंवा एक-दोन मेणकिडे लावा. अख्खा मिनो लावलात तर स्पूनची झोक्याची चाल मरते, मग स्पून लावून काय मिळवलं?

हालचाल

आमिष तळाला टेकवा, दोन-तीनदा आपटून धुरळा उडवा, मग फूटभर वर घ्या. आता मनगटाने आठ-दहा इंच उचला आणि सैल दोरीवर पडू द्या. दोन-तीन उचल, मग थांबा. नवखे इथेच चुकतात: रॉड सारखा नाचवत राहतात. उचल लांबून बोलवायला असते. घास तो थांबलेल्या आमिषालाच घेतो. पाच सेकंद तरी, आणि मासा जवळ दिसत असेल तर दहा सेकंद अगदी निश्चल. त्यानंतर टोकाला जेमतेम थरथर.

तळाशी काही न झाल्यास दोन-तीन फुटांच्या टप्प्यांनी वर येत बर्फाखाली चार फुटांपर्यंत या. पाठलाग करणारा मासा शेवटी तोंड फिरवतो असं दिसलं तर आमिष थांबवू नका, सावकाश, एकसारखं वर ओढत चला. पळणारा घास बघून ब्रूक ट्राउटचं रक्त जागं होतं आणि तो झडप घालतो. तरी नाहीच घेतलं तर लगेच लहान आमिष सोडा. टोळक्यातला दुसरा तिथेच असतो.

पंधरा-वीस मिनिटांत हूं की चूं नाही, तर पुढचं भोक. तासाने पहिल्यावर परत या.

घास नेहमी हिसक्याने येत नाही. स्प्लेक आमिष तोंडात घेऊन वर उठतो, तेव्हा टोकाचं वजनच जातं आणि दोरी सैल पडते. हिसक्याची वाट पाहणाऱ्याचे असे घास दिवसभर फुकट जातात. दोरी सैल झाली की रिळाने ताण घेऊन मनगटाने ठाम उचला. झटका नको, टाळ्याची कातडी फाटते.

दुसरी दोरी

ऑन्टॅरिओच्या बहुतेक मासेमारी क्षेत्रांत बर्फावर दोन दोऱ्या चालतात, अट अशी की दोऱ्या तुमच्यापासून 60 मीटरच्या आत आणि नजरेत स्पष्ट असाव्यात. एका हाताने रॉड चालवा, दुसरी दोरी सहा-आठ फूट पाण्यात टिप-अपवर (मासा लागला की निशाण वर करणाऱ्या, भोकावर ठेवायच्या सापळ्यावर) लावा. दोन ते तीन इंची मिनो, पाठीवरच्या पराच्या किंचित मागे, कातडीखालून 8 नंबरचा एकच गळ; त्यावर दीड फुटांवर लहानसं वजन. मिनो तळाशी नको, बर्फाखाली तीन-चार फुटांवर ठेवा.

टिप-अप फार घट्ट लावला की मासा ओढ जाणवताच आमिष सोडतो. निशाण उठलं, चाक थांबलं, दोरी ओढली तर रिकामी, असं दोनदा झालं तर हेच कारण समजा. निशाणाची पकड सैल करा, वजन कमी करा. चाकाची दोरी पाण्याखाली राहते, पण दांड्याभोवती बर्फ धरतो. दर अर्ध्या तासाने झाऱ्याने मोकळं करा.

जिवंत मिनो सगळीकडे चालत नाही. काही तळ्यांवर बंदी असते, ती त्या क्षेत्राच्या अपवादांच्या यादीत पाहायची. घरच्या आमिष-क्षेत्राबाहेर जात असाल तर मिनो तिथेच विकत घ्यायचे, पावती जवळ ठेवायची आणि दोन आठवड्यांत संपवायचे. उरलेले मिनो, किंवा नुसतं बादलीतलं पाणीही, पाण्यात किंवा पाण्यापासून 30 मीटरच्या आत ओतणं गुन्हा आहे. नको असलेला पर्च तळ्यात शिरतो तो अशाच बादल्यांतून.

भोकाच्या तोंडाशी

निम्मे मासे शेवटच्या तीन फुटांत सुटतात. डोकं उजेडात आलं की स्प्लेक उलटून पळतो, आणि ताणलेली तंगूस बर्फाच्या कडेवर घासून तुटते. मासा वर येऊ लागताच ड्रॅग थोडा सैल करा, पळाला तर रॉडचं टोक भोकात बुडवा म्हणजे तंगूस कडेला लागत नाही. डोकं भोकात शिरलं की न थांबता एकाच ओढीत वर. भोकाची खालची कड खरबरीत असेल तर ऑगर पुन्हा एकदा वर-खाली फिरवून घासून घ्या. प्रत्येक माशानंतर शेवटचा फूटभर तंगूस बोटांतून सरकवून पाहा. खडबडीत लागला की तोडून नवी गाठ.

रॉडच्या कड्यांत बर्फ साचतो. तो चिमटीत धरून वितळवा, रॉडवर टकटक करून फोडू नका. कडी वाकते किंवा तडकते.

सोडायचा मासा बर्फावर ठेवू नका. उणे दहात कल्ले आणि डोळे काही क्षणांत गोठतात, आणि तो पोहत गेला तरी जगेलच असं नाही. ओल्या, उघड्या हाताने भोकाच्या पाण्यातच गळ काढा.

ओळख आणि नियम

पाठीवर ब्रूक ट्राउटसारखी अळीवजा नक्षी, अंगावर फिकट ठिपके, पोटाकडच्या परांना पांढरी किनार. शेपटीची खाच लेक ट्राउटपेक्षा कमी, ब्रूक ट्राउटपेक्षा जास्त. निळ्या वलयातला लाल ठिपका दिसला तर तो ब्रूक ट्राउट असण्याचीच शक्यता जास्त. ओळखीला महत्त्व यासाठी, की काही क्षेत्रांत हिवाळ्याचा काही काळ आईबापांच्या जाती बंद असतात आणि स्प्लेक खुला. मासेमारी क्षेत्र 15 मध्ये स्प्लेक वर्षभर चालतो. तरी त्या वर्षीचा नियमांचा सारांश आणि त्यातली तळ्यांच्या अपवादांची यादी निघण्याआधी वाचाच. सगळे ट्राउट आणि सामन मिळून दिवसाला स्पोर्ट परवान्यावर पाच, कॉन्झर्वेशन परवान्यावर दोन ही कमाल मर्यादा.

ऑन्टॅरिओत 18 ते 64 वयाच्या रहिवाशाला आउटडोअर्स कार्ड आणि परवाना लागतो. ‘रहिवासी’ म्हणजे घर तिथे आणि गेल्या बारा महिन्यांत सलग सहा महिने मुक्काम. नव्याने आलेल्यांनी हे तपासावं. फेब्रुवारीतल्या फॅमिली डेच्या सुट्टीत, शनिवार ते सोमवार, कॅनडाच्या रहिवाशांना परवान्याशिवाय गरवता येतं, कॉन्झर्वेशनच्या मर्यादेत.

मासा घरी नेताना जात ओळखता आली पाहिजे आणि संख्या मोजता आली पाहिजे, म्हणून कातडी तशीच ठेवा. मांस केशरी आणि तेलकट, लवकर मऊ पडतं; धरल्याबरोबर कल्ले कापून रक्त जाऊ द्या आणि हिमात पुरा. घरी पोट उघडल्यावर जठराच्या टोकाला बोटांसारख्या बारीक आंधळ्या नळ्यांचा झुबका दिसेल. शेपटीने समाधान झालं नसेल तर त्या मोजा: ब्रूक ट्राउटला साधारण पंचावन्नपर्यंत, लेक ट्राउटला नव्वदच्या वर, स्प्लेकला मधल्या 65 ते 85. मग जठरही चिरून पाहा. पर्चची पिल्लं निघाली तर पुढच्या वेळी सोनेरी-हिरवा स्पून; नुसत्या किड्यांच्या अळ्या निघाल्या तर स्पून डबीत ठेवा आणि लहान जिगवर (वजनदार डोक्याच्या गळावर) दोन मेणकिडे लावा.